कटल्याच्या पाठी वाकड्या येतायत, मिनरल मिक्स्चर कुठलं द्यावं?

तळेकरी_दौंड
नमस्कार मंडळी, २० गुंठ्यांचं शेततळं आहे, प्लास्टिक कागद टाकलेलं. रोहू, कटला, मृगळ सोडलेत. खाद्य घरचंच, शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा निम्मा, वर गाईंसाठी आणलेलं मिनरल मिक्स्चर मूठभर. परवा फेकजाळं टाकलं तर कटल्यातले बरेच बुटके निघाले, पाठीवर हात फिरवला की कुबडासारखा उंचवटा लागतो, एकाची शेपटी पार एका बाजूला वळलेली. व्यापारी असला माल बाजूला काढतो हो. कॅल्शियम वाढवू का?

मत्स्यसखा
दादा, कॅल्शियम अजिबात वाढवू नका. मासा ते कल्ल्यांतून पाण्यातूनच ओढून घेतो, त्याची उणीव सहसा पडत नाही. खरी अडचण पेंड-कोंड्यातल्या फायटिक ॲसिडची आहे, ते झिंकला धरून ठेवतं आणि वरून कॅल्शियम जास्त झालं की ती पकड अजून घट्ट होते, म्हणजे कॅल्शियमने भरलेलं गाईचं मिक्स्चर इथे उलटं पडतंय. अमेरिकेत चॅनल कॅटफिशवर पाहिलंय, प्रयोगासाठी बनवलेल्या, फायटिक ॲसिड नसलेल्या शुद्ध खाद्यात किलोला २० मिलिग्रॅम झिंक पुरतं, पण सोयाबीन पेंडीच्या खाद्यात १५० पर्यंत द्यावं लागतं. मँगनीज कमी पडलं तर मासा बुटका राहतो, कार्पला (रोहू-कटल्याच्या कुळातला मासा) खाद्याच्या किलोमागे साधारण १३ मिलिग्रॅम लागतं. तांबंही थोडं हवंच, हाडातलं कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे धागे, त्याच्यामुळे घट्ट विणलं जातं.

कोकणी_बोटुकली
फॉस्फरस विसरू नका!! रोहू-कटल्याला जठरच नसतं, ॲसिड नाही त्यामुळे हाडांच्या चुऱ्यातला फॉस्फरस विरघळत नाही, नुसता विष्ठेतून जातो. डीसीपीपेक्षा, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटपेक्षा, एमसीपी, म्हणजे मोनोकॅल्शियम फॉस्फेट, चांगलं लागू पडतं. कपाळाचं हाड बेढब दिसतंय का बघा, कार्पमध्ये फॉस्फरस कमी पडल्याची ती खूण. आणि मातीचा तळ असता तर किडे, गाळ यातून मासा काहीतरी मिळवतो, कागदाच्या तळ्यात तेही नाही, सगळं तुमच्या खाद्यावरच.

तळेकरी_दौंड
हो, दोन-तीन कटल्यांचं कपाळ दबलेलं आहे खरं. मग नेमकं काय आणू?

मत्स्यसखा
माशांसाठीचं चिलेटेड मिनरल प्रिमिक्स (खनिजं सेंद्रिय रेणूंना बांधलेली, खाद्यात मिसळायची तयार पूड) घ्या, पिशवीवर झिंक, मँगनीज, तांबं, सेलेनियम किती ते आकड्यात लिहिलेलं असेल तेच, आणि मात्रा पिशवीवर लिहिलीय तेवढीच, तांबं आणि सेलेनियम जास्त झालं तर विषच. जमलं तर फायटिक ॲसिड तोडणारं फायटेज एन्झाइमही. व्हिटॅमिन सी स्थिर केलेलं, फॉस्फेट रूपातलं घ्या, साधं उन्हात आणि पाण्यात लगेच उडून जातं, ते कमी पडलं तरी कणा असाच वाकतो. पूड नुसती फेकू नका, खाद्याचे गोळे करून त्यातच मळा.

कोकणी_बोटुकली
वाकलेला कणा आता सरळ होणार नाही, ते मासे लवकर काढून विका. पुढच्या खेपेला बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घेताना एका परातीत पाणी घालून २०-२५ सोडा आणि वरून बघा, तिथेच वाकडी दिसली तर बीजच खराब आहे, मिनरलने काही होणार नाही. शेजारच्या शेतातलं फवारणीचं पाणी तळ्यात येतं का तेही बघा, काही कीटकनाशकांनीही पाठ वाकते. चार-पाच वाकडे मासे बर्फात घालून जवळच्या मत्स्य महाविद्यालयात न्या, एक्स-रे काढला की मणके जुळलेत का चिरडलेत ते कळेल.

तळेकरी_दौंड
फवारणीचं पाणी येत नाही, बांध उंच आहे. गाईचं मिक्स्चर आजपासून बंद. सोमवारी मासे घेऊन जातो, एक्स-रेचं काय निघालं ते इथेच टाकतो.