पहिलीच्या मुलांना बाराखडी आधी की शब्द आधी?

पाटीवाली आई (धागाकर्ती)
लेक पहिलीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दिवाळी झाली तरी तिला 'ठ' येत नाही, 'ङ', 'ञ' तर दूरच. पण 'मामा', 'काका', 'मका', 'बाबा' धडाधड वाचते. मी घरी क, का, कि, की सुरू केलं तर बाईंनी वहीत निरोप लिहिला, "सध्या नको." त्यांच्या मते आधी पाच-सहा अक्षरं आणि काना, तेवढ्यावरच शब्द नि छोटी वाक्यं, मग पुढचा अक्षरगट. आम्ही तर पूर्ण बाराखडी घोकूनच शिकलो. काय बिघडलं आमचं? मला तरी हे पटत नाही.

जुनी खोड
शंभर टक्के सहमत. मराठी जशी बोलतो तशी लिहितो. तक्ता एकदा पाठ झाला की पोर दुकानाच्या पाट्या वाचतं. हे गट-बिट इंग्रजी शाळांचं अनुकरण आहे.

खडू आणि फळा
मी पंधरा वर्षं पहिली-दुसरी शिकवतोय. 34 व्यंजनं गुणिले 12, म्हणजे 408 घरं. ती तालात म्हणणारी पोरं मीही तयार केली आहेत. आता गंमत करून बघा. त्याच पोराला नुसतं 'कै' दाखवा. ते 'क'पासून म्हणत म्हणत तिथे येतं, कधी मध्येच घसरतं आणि परत पहिल्यापासून! याला वाचन म्हणायचं का?

आणि मुळाक्षरं संपेपर्यंत काना-मात्रा नाही, अशी जुनी रीत. मग वाक्यं कसली करणार? गवत, कप, बदक एवढ्यावरच. मुलाच्या घरातले शब्द कोणते? आजी, पाणी, भाकरी, दादा. सगळ्यांना काना नाहीतर वेलांटी. ते वाचायला त्याने महिनोन् महिने का थांबायचं? राहिलं अनुकरणाचं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मराठी वाचनावरच वर्षानुवर्षं काम केलं. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, पण विचार मराठी लिपीचा.

जुनी खोड
मूळच्या अमेरिकेतल्या! मी तेच म्हणतोय :) आणि निकाल कुठे आहे? 2022 च्या 'असर' या शिक्षण-पाहणीत देशातली तिसरीची जेमतेम 20 टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. आमच्या वेळी असं नव्हतं.

खडू आणि फळा
दादा, त्याआधी कोरोनात शाळा किती काळ बंद होत्या? 2018 ला तोच आकडा 27 च्या आसपास होता, तोही काही अभिमानाचा नाही. आणि बहुतेक वर्गांत अजून तक्ताच घोकतात, त्यामुळे हे खापर गटांवर फोडता येत नाही. तुमच्या वेळी असं मोजायला कुणी गावात येत नव्हतं, एवढंच.

च की च
'बोलतो तशी लिहितो' हे अर्धसत्य. 'चमचा' आणि 'चिमणी' यांतला च एकच आहे का? 'कमळ' म्हणताना शेवटच्या ळ मधला अ आपण गिळतो, तरी पाय मोडत नाही. पहिली वेलांटी काढतो आधी, बोलतो नंतर. त्यात घ-ध, भ-म अशी सारखी दिसणारी अक्षरं. म्हणूनच मी मात्र थोड्या घोकंपट्टीच्या बाजूचा. सरावाशिवाय डोळा बसत नाही. (अवांतर: 'ङ'साठी पहिलीच्या मुलाला शब्द काय द्यायचा, वाङ्मय?)

सातपुड्यातून
तुमचं दोघांचं भांडण ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांच्यासाठी. माझ्या वर्गात पावरी ही इथली आदिवासी बोली बोलणारी मुलं आहेत. एक मुलगी पानभर वाचते, स्पष्ट, न अडखळता. मग विचारलं, काय झालं गोष्टीत? ती माझ्याकडे बघत राहते. मी आता पहिले दोन महिने नुसत्या गप्पा मारतो, चित्र दाखवून, निम्म्या पावरीत. अभ्यासक्रम मागे पडतो, साहेब विचारतात. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेत तिसरीअखेर मिनिटाला 60 शब्द हवेत. समजून वाचणंही त्यात लिहिलंय, पण मोबाइलवर लावलेल्या घड्याळाला फक्त शब्द कळतात.

जुनी खोड
हे मात्र खरं आहे. पण शहरात हा प्रश्न नाही.

सातपुड्यातून
बांधकामाच्या साइटवरची मुलं ज्या शाळेत जातात तिथे एकदा जाऊन या.

पाटीवाली आई
काल 'कै'चा प्रयोग केला. लेकीला आलं नाही, अपेक्षितच होतं. मग तिसरीतल्या भाच्याला विचारलं, त्याची बाराखडी सगळ्या घरात पक्की. तो क, का, कि, की म्हणत बोटं मोजायला लागला. सासूबाई हसल्या, मला हसू आलं नाही. तरी पाटी काही मी माळ्यावर टाकणार नाही. आज घरातल्या शब्दांच्या चर्चेतून सुचलं म्हणून लेकीच्या पाटीवर तिच्या मैत्रिणींची नावं लिहिली. 'ठ' नाही एकातही. बाईंना वहीतून विचारते, हे चालेल का.