मदत हवी आहे: ३२वा आठवडा, एसजीपीटी ७८ आणि रात्रभर तळव्यांना खाज

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. पहिलंच बाळंतपण. कालच्या लिव्हर रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज २८६, एसजीपीटी ७८ (लॅबची वरची मर्यादा ४०), एसजीओटी ६१ (ही तिन्ही एंझाइम्स यकृताचं काम बघायला मोजतात). बिलिरुबिन नॉर्मल, प्लेटलेट्स २ लाख १० हजार, बीपी ११०/७०.

अल्कलाइन फॉस्फटेज शेवटच्या तिमाहीत वारेतूनही (प्लॅसेंटातूनही) येतं, म्हणून ते वाढलेलं दिसतं, एवढं मला कळलंय. एसजीपीटीचंही तसंच असतं का?

दुसरं म्हणजे खाज. आठ-दहा दिवस झाले, फक्त तळहात आणि तळपाय. पुरळ अजिबात नाही. दिवसा जरा बरं असतं, रात्री मात्र उठून गार फरशीवर पाय टेकवून बसते बिचारी. तळव्यांवर नखांचे ओरखडे उठलेत. घरचे म्हणतात, पोट ताणलं की खाज यायचीच. अहो, पण पोटाला खाज नाहीच आहे! डॉक्टरांची तारीख पुढच्या बुधवारची आहे. तोवर थांबावं का?

उत्तर:
ताई, थांबू नका, उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा. एसजीपीटी वारेतून येत नाही. गरोदरपणात ते नेहमीएवढं किंवा किंचित कमीच असतं, त्यामुळे ७८ ला कारण शोधायलाच हवं. पुरळ नसताना तळव्यांना रात्री खाज म्हटलं की आधी कोलेस्टेसिसची शंका येते. यात यकृतातून पित्त नीट पुढे सरकत नाही. सीरम बाइल अ‍ॅसिडची (रक्तातल्या पित्ताम्लाची) तपासणी करायची का, हे आवर्जून विचारा. मला स्वतःला हेच झालं होतं. बाइल अ‍ॅसिडचा आकडा १०० किंवा त्यावर गेला तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून प्रसूती कधी करायची हे बरंचसं त्यावर ठरतं. हिपॅटायटिसच्या चाचण्याही सांगतील.

आणि उजव्या बरगडीखाली दुखलं, डोकं फार ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर फोनही नको, थेट दवाखाना गाठा. अशा वेळी बीपी आणि प्लेटलेट्स पुन्हा बघावे लागतात.

धागाकर्ती:
खूप आभार. आज दाखवून आलो. बाइल अ‍ॅसिड ३४ आलं, कोलेस्टेसिसच आहे. हिपॅटायटिस नाही. अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू केल्यात, पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त द्यायचंय. गोळीने खाज कमी व्हायला तुम्हाला किती दिवस लागले होते? तिला झोपच नाही हो.