हायस्कूलची डिबेट टीम: लाजऱ्या मुलीला झेपेल का?

रिमझिम
आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. लेक ऑगस्टमध्ये नववीत जाईल. शाळेतून डिबेट टीमचा कागद घेऊन आली, तेव्हापासून घरात तोच विषय. माझ्याशी हुज्जत घालायला एक नंबर, पण वर्गात हात वर करायचा म्हटलं की घसा कोरडा. मला माहीत आहे ती आपली वक्तृत्व स्पर्धा: बाईंनी लिहून दिलेलं घोकायचं, 'आदरणीय परीक्षक'पासून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते'पर्यंत. या कागदावर नुसती आद्याक्षरं, पीएफ, एलडी, सीएक्स. कोणाची मुलं आहेत का यात? घालू का?

कढीपत्ता
माझ्या दोघांनी केलंय. आधी शाळेत विचारा, इलिनॉयमध्ये बऱ्याच ठिकाणी स्पीच आणि डिबेट या वेगवेगळ्या टीम असतात. स्पीचमधली ओरिजिनल ओरेटरी आपल्या वक्तृत्वाच्या जवळची: जास्तीत जास्त १० मिनिटांचं भाषण, पाठ, पण लिहायचं स्वतःच. एक्स्टेम्पमध्ये चालू घडामोडींवरच्या तीन प्रश्नांतला एक निवडायचा, ३० मिनिटांत तयारी करून ७ मिनिटं बोलायचं. लाजाळू असेल तर ओरेटरी बरी, काय बोलायचं ते निदान ठरलेलं असतं. आणि पहिल्या स्पर्धेला दचकू नका, कॉरिडॉरमध्ये सूटबूट घातलेली मुलं भिंतीकडे तोंड करून हातवारे करत असतात. सराव असतो तो.

उलटतपासणी
काकू, मी चार वर्षं पीएफ केलं, आता कॉलेजात आहे. माझं मत उलटं. डिबेटच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना प्रेक्षक जवळजवळ नसतातच. रिकामा वर्ग, दोन आम्ही, दोन समोरचे, मागे एक जज. हुज्जत घालणाऱ्याचं तिथे फावतं! पीएफ म्हणजे पब्लिक फोरम, जोडीने. नाणं उडवून बाजू किंवा बोलण्याचा क्रम ठरतो, त्यामुळे दोन्ही बाजू तयार लागतात. पहिलं ४ मिनिटांचं भाषण लिहिलेलं वाचता येतं, खरी गंमत क्रॉसफायरमध्ये, थेट सवाल-जवाब. एलडी म्हणजे लिंकन-डग्लस, एकट्याने. सीएक्स म्हणजे क्रॉस-एक्झामिनेशन, यालाच पॉलिसी डिबेट म्हणतात: वर्षभर एकच विषय, आणि काही जण इतके भरधाव बोलतात की मधली धाप ऐकू येते. पहिल्या वर्षी ते नको. नोव्हिस म्हणजे नवख्यांच्या गटात पीएफ घ्या, डिबेटच्या समर कॅम्पवर एवढ्यात पैसे घालू नका.

कढीपत्ता
धाप लागेपर्यंत बोलायचं म्हणजे वाद कसला, लिलाव तो. पण रिकाम्या वर्गाचा मुद्दा मान्य.

ओसरी
एलडीवरून आठवलं, लिंकन आणि डग्लस १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी सात गावांत वादविवादाला समोरासमोर आले, त्यातलं पहिलं गाव इलिनॉयमधलंच ओटावा, तुमच्यापासून तासाभरावर. पहिल्याने एक तास बोलायचं, दुसऱ्याने दीड, मग पुन्हा पहिल्याला अर्धा तास. चौकात दोघांचे पुतळे आहेत, लेकीला दाखवून आणा.

आता तुमच्याबद्दल. मुलगी टीममध्ये गेली की तुम्हीही गेलात! जितकी मुलं न्यायची त्या हिशेबाने शाळेला जज द्यावे लागतात, ते बऱ्याचदा पालकच. माझं मराठी वळणाचं इंग्रजी, मी कसली निकाल देणार, असं वाटायचं. प्रत्येक भाषणाआधी पोरं अदबीने विचारतात, 'जज रेडी?' कागदावर उभे रकाने पाडा, भाषणागणिक एक. ज्या मुद्द्याला समोरून उत्तरच आलं नाही त्याभोवती गोल करा. निकाल त्या गोलांवरून द्यायचा, विषयावरचं आपलं मत घरी ठेवून. बॅलटवर, म्हणजे निकालाच्या कागदावर, मात्र दोन ओळी धड लिहा. माझ्या मुलीला एकदा 'जरा हसत जा' एवढाच शेरा मिळाला होता. हरल्याचं ती विसरली, तो शेरा नाही.

रिमझिम
सगळं तिला वाचून दाखवलं. भिंतीशी बोलणाऱ्या मुलांवर खूप हसली आणि पीएफला तयार झाली. आता जोडीला कोण, यावर मैत्रिणीशी तासभर फोनवर वाद चाललाय, कुठे गेला तो कोरडा घसा कोण जाणे. ओसरी, सूटच लागतो का? काळी पँट आणि शर्ट चालेल ना?

ओसरी
चालेल. बूट तेवढे न चावणारे बघा, दिवस लांबतो. तुमचेही.