एएफओची मुलाखत आली, पण घरचं पीककर्ज थकीत आहे. विचारलं तर काय सांगू?

काळीमाती (घाटंजी, यवतमाळ):

नमस्कार मंडळी. आयबीपीएस एसओची (सरकारी बँकांतल्या तज्ज्ञ अधिकाऱ्यांच्या भरतीची) मेन्स निघाली आणि ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरच्या (एएफओ) मुलाखतीचं बोलावणं आलं. केंद्र नागपूर. आईनं आळीत पेढेसुद्धा वाटून टाकले, म्हणजे आता माघार नाही.

माझं बी.एस्सी. ॲग्री २०२३ ला झालं, अकोल्याच्या विद्यापीठाशी संलग्न खाजगी कॉलेजातून. त्यानंतर नोकरी नाही. घरी चार एकर कोरडवाहू. कपाशीत तूर आणि एका तुकड्यात सोयाबीन. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पेरणीपासून माल विकेपर्यंत सगळं मीच पाहते. फॉर्ममध्ये अनुभवाचा रकाना मात्र कोरा सोडला.

खरी धास्ती दुसरीच आहे. बाबांचं पीककर्ज मार्च २०२५ पासून थकीत आहे. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, पण ओलाव्याचं कारण सांगून खरेदी केंद्रावरून माल परत आला आणि व्यापाऱ्याला चार हजारांच्या आत द्यावा लागला. पुढच्या खरिपात पावसानं नाल्याकडचं वावर खरडून नेलं. आता कर्जवसुली करणाऱ्या नोकरीच्या मुलाखतीला मी थकबाकीदाराची मुलगी म्हणून जाऊन बसणार! विचारलं तर काय सांगू? लपवू का? आणि डिग्रीनंतरच्या गॅपचं काय? यूट्यूबवरच्या मॉक मुलाखतींत सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात. मी वाचते-लिहिते नीट, बोलताना अडकते.

झुणकाभाकर (दर्यापूर):

पहिले अभिनंदन घे वं बाई! मेन्स काढनं काही खायचं काम नाही. पन मले सांग, पेढे वाटल्यावर टेन्शन काऊन घेतं? पॅनलवाले काही तुह्या बाबाचा सातबारा घेऊन बसत नाही. थकीत-बिकीतचा विषय काढूच नको. इचारलंच त 'वडील शेती करतात' म्हन आन चूप राय.

रब्बी_हंगाम (वाशीम जिल्हा):

झुणकाभाऊ, आपण होऊन विषय काढू नये हे बरोबर. पण विचारल्यावर चूप बसलं की समोरच्याला लगेच कळतं. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी खेड्यातल्या शाखांत वसुली करून पाहिलेली असते.

ताई, मी याच परीक्षेतून बँकेत आलो, सध्या खेड्यातल्या शाखेत कृषी अधिकारी आहे. आधी हे ऐका: बँक तुमची पत पाहते, बाबांची नाही. रुजू होताना उमेदवाराचा स्वतःचा क्रेडिट इतिहास चांगला असावा, अशी अट आयबीपीएसच्या जाहिरातीत असते. किमान स्कोअर किती ते ज्या-त्या बँकेच्या धोरणावर. म्हणून आजच तुमचा सिबिल रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. शैक्षणिक कर्ज काढलं होतं का? मोबाइल हप्त्यावर घेतला असेल तर शेवटचा हप्ता गेला का? आणि मुख्य म्हणजे, बाबांच्या कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही आहे का? सही असेल तर ती थकबाकी तुमच्याही रिपोर्टात दिसेल, मग शाखेत जाऊन तोडगा काढावा लागेल. नसेल तर या भीतीला काही आधार नाही.

आता उत्तर. रडकथा नको आणि सरकारला शिव्याही नकोत. तुम्ही वर इथे जे लिहिलं तेच चार वाक्यांत सांगा: भाव किती होता, माल कितीला गेला, नंतर पावसानं काय नेलं. आणि त्याला बँकेची बाजू जोडा. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज ७ टक्के, वेळेत भरलं तर केंद्राकडून ३ टक्के सूट, उरलेलं राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेसारख्या सवलतींतून, म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला शून्य. तारीख चुकली की हे सगळं जातं. 'आमच्या घराला थकबाकी किती महाग पडली हे मी वहीत मांडलंय,' असं म्हणणारी पोरगी कुठल्या पॅनलला नको असेल? मांडलं नसेल तर आज रात्री मांडा, म्हणजे बोलणं खरं होईल.

यावरून पुढचा प्रश्न हमखास येतो: थकीत आणि एनपीए (अनुत्पादक कर्ज) यात फरक काय? देय तारीख उलटली की खातं थकीत. कमी मुदतीच्या पिकांचं कर्ज त्यानंतर दोन पीक हंगाम थकलं की एनपीए, आणि वर्षाहून लांब हंगामाच्या पिकांसाठी एकच हंगाम. इतर कर्जांचे ९० दिवस इथे ठोकून देऊ नका, बरेच जण तिथेच घसरतात.

केसीसीची (किसान क्रेडिट कार्डाची) मर्यादा तुमच्याच चार एकरांवर काढून ठेवा. समजा स्केल ऑफ फायनान्स, म्हणजे पिकाला द्यायच्या कर्जाचा दर, हेक्टरी ६०,००० आहे (तुमच्या जिल्ह्याचा खरा आकडा शाखेतून आणा, तो जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते). १.६ हेक्टरचे ९६,००० झाले. त्यावर काढणीनंतरचा आणि घरखर्च १० टक्के म्हणजे ९,६००, शेतीच्या साधनांच्या देखभालीला २० टक्के म्हणजे १९,२००. एकूण १,२४,८००, शिवाय विम्याचा हप्ता. तारण लागेल का, हेही विचारतील. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत लागत नाही.

आणि तो गॅप? रकाना नोकरीचा होता, कोरा ठेवला ते ठीकच. पण तोंडी विचारलं तर 'घरी होते' एवढ्यावर भागवू नका. बोंडअळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे कधी लावले, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) किती दिसल्या, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) ठेवली की काढून टाकली ते सांगा. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ-आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे पुस्तकात सगळेच वाचतात. सकाळी उठून पतंग मोजलेला उमेदवार क्वचित येतो. फरदड ठेवली तर बोंडअळीला खाणं मिळत राहतं, पुढच्या साली फवारणी वाढते आणि मग फेडीचा पैसाच उरत नाही. इथवर तुम्ही बोललात की पॅनल गॅप विसरलं समजा.

खामगावची_लेक:

मी मागच्या खेपेला निवडले गेले. दादांनी सगळं सांगितलंच, मी कागदांचं बोलते, कारण माझ्यासमोर एक हुशार मुलगी त्यावरून रडताना पाहिली. ओबीसीतून असशील तर नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलंच हवं. आपल्या सेतूतून साधारणपणे राज्याचं हातात पडतं, केंद्राचं वेगळं मागावं लागतं. जाहिरातीत त्याच्या तारखेची अट असते, तीही बघ. दुसरं, आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ओजीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) असतो. तो टक्क्यांत कसा बदलायचा याचं विद्यापीठाचं पत्र सोबत ठेव. अकोल्याला चक्कर पडली तरी चालेल.

इंग्रजीचं म्हणशील तर मी पहिल्याच उत्तराला विचारलं, 'सर, हिंदी में बोल सकती हूँ?' ते हो म्हणाले. हिंदी आपल्याकडची म्हणजे कशी ते तुला माहीतच आहे, तरी कुणी हसलं नाही. फक्त स्वतःची ओळख आणि गावाची माहिती इंग्रजीत पाठ नव्हे, तर सवयीची असू दे. घरात मोठ्यानं बोल, म्हशीसमोर बोल.

मुलाखत १०० गुणांची, त्यात ४० टक्के तर हवेतच (राखीव प्रवर्गांना ३५), आणि अंतिम यादीत मेन्स व मुलाखतीचं वजन ८०:२०. तुझी मेन्स चांगली असेल तर उगाच जीव घाबरा करू नको. कपडे? साधा इस्त्रीचा पंजाबी ड्रेस. नागपूरला आदल्या संध्याकाळीच पोच, सकाळच्या एसटीच्या भरवशावर राहू नको.

काळीमाती:

दादा, ताई, रिपोर्ट काढला. शैक्षणिक कर्ज माझ्या नावावर आहे, हप्ते बरोबर चाललेत. बाबांच्या कर्जावर माझी सही नाही. जीव भांड्यात पडला. केंद्राच्या दाखल्यासाठी उद्याच तहसीलला जाते.

अजून दोन शंका. 'कर्जमाफी व्हावी का?' असं विचारलं तर? आणि कॉलेजचे सर म्हणाले, 'वडिलांची फाइल तुझ्याच टेबलावर आली तर काय करशील?' हेही विचारू शकतात. मला काही सुचेना.

झुणकाभाकर (दर्यापूर):

माफ करून टाक न राजा, आन पेढे पाठव इकडं.

रब्बी_हंगाम (वाशीम जिल्हा):

झुणकाभाऊंना मुलाखतीला नेऊ नका.

कर्जमाफीवर हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देऊ नका. २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची महात्मा फुले योजना दोन लाखांपर्यंतची, एवढं नीट सांगता यायला हवं. मग तुमचं मत. बुडालेल्याला त्यातून पुन्हा कर्ज मिळायची वाट मोकळी होते, हे खरं. पण माफीची नुसती कुणकुण लागली तरी भरणारासुद्धा हात आखडतो, हे मी दर मार्चला पाहतो. दोन्ही बाजू सांगून शेवटी एका बाजूला उभं राहा. कुठल्या बाजूला, यानं फारसं बिघडत नाही. मधेच लटकत राहिलात तर बिघडतं.

फाइलचं उत्तर सोपं आहे. 'ती फाइल मी हाताळणार नाही. नातं शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवीन, दुसरा अधिकारी तपासेल.' कारण विचारलं तरच द्या: नातेवाइकांच्या कर्जप्रकरणात अधिकाऱ्यानं स्वतः निर्णय घ्यायचा नसतो. त्यापुढे एक अक्षर बोलू नका. आणि नेमणूक घाटंजीतच मिळेल अशी आशाही धरू नका, देशात कुठेही टाकतात. 'बाहेर जाल का?' हे विचारतीलच, त्याचं उत्तर आईबाबांशी बोलूनच घेऊन जा.