विषय: कर्जाच्या विम्याचा फॉर्म आणि चालू असलेली गोळी

प्रेषक: मेघना (अँतोनी)

सर्वांना नमस्कार.

घरखरेदीच्या कोंप्रोमीवर (प्राथमिक करारावर) सह्या झाल्या आहेत आणि कर्जमंजुरीची मुदत जवळ आली आहे, म्हणून थेट प्रश्नाकडे येते. कर्ज ३,६०,००० युरो, मुदत वीस वर्षे, विमा आम्हा दोघांत निम्मा-निम्मा. माझे वय ४३. कर्करोगावरील माझी केमोथेरपी आणि रेडिएशन २०१९ मध्ये पूर्ण झाले हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे; हार्मोनची गोळी मात्र अजून चालू आहे. विमा कंपनीच्या प्रश्नावलीत ‘सध्या काही औषधोपचार चालू आहेत का’ असा प्रश्न आहे. आमचे कर्जाचे काम पाहणाऱ्या मध्यस्थाचे म्हणणे असे, की गोळी चालू आहे तोवर उपचार संपलेले नाहीत, त्यामुळे जुना कर्करोग विमा कंपनीला न सांगण्याच्या, म्हणजे विस्मरणाच्या, हक्काची पाच वर्षे मोजायला अजून सुरुवातच झालेली नाही. लिहिले तर वाढीव हप्ता किंवा नकार, आणि न लिहिले तर पुढे विमाच रद्द ठरण्याची भीती, अशा कात्रीत आम्ही आहोत. या स्थितीत ज्यांनी फॉर्म भरला असेल त्यांनी कृपया लवकर कळवावे.

प्रेषक: श्रीधर (व्हर्साय)

मेघना, प्रश्नावली भरण्याची वेळच येऊ देऊ नका. फ्रान्सच्या २८ फेब्रुवारी २०२२ च्या लमवान कायद्यानुसार, ज्याच्या वाट्याचा विमा दोन लाख युरोंपर्यंत आहे आणि ज्याचे कर्ज साठाव्या वाढदिवसाआधी फिटते, त्याला घरकर्जाच्या विम्यासाठी प्रकृतीविषयी एकही प्रश्न विचारता येत नाही. तुमचा वाटा १,८०,००० होतो, म्हणजे अडचण केवळ मुदतीची आहे. वीसऐवजी सोळा वर्षे घ्या, कर्ज एकोणसाठाव्या वर्षी फिटेल. ते जमत नसेल तर संपूर्ण विमा यजमानांच्या नावे काढा. बँकेला एकूण शंभर टक्के संरक्षण हवे असते आणि ते एकाच व्यक्तीचे असले तरी बहुधा चालते. मी आपल्या संस्थेचा अध्यक्ष असताना घरखरेदीवर जो कार्यक्रम झाला त्यात विम्याचा भाग सविस्तर घेतला होता. त्याची टिपणे विद्यमान समितीने शोधून सर्वांना पाठवावीत.

प्रेषक: अश्विनी (मासी)

श्रीधरकाका, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते, पण दुसरा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. हप्ता दोघांच्या पगारातून जाणार आहे. विमा एकट्या नवऱ्याच्या नावे काढला आणि उद्या मेघनाचे काही बरेवाईट झाले, तर उरलेले सगळे कर्ज एका पगारावर येईल आणि विमा कंपनी एक युरोही देणार नाही. ज्या घरावर आजाराची सावली पडून गेली आहे, त्याच घराला असे उघडे ठेवायचे हे मला चुकीचे वाटते. केमोथेरपी घेत असतानाही जिने नोकरी टिकवली, तिच्या जिवाची आणि कमाईची किंमत कागदावर शून्य का धरायची?

सोळा वर्षांचाही हिशेब करून पाहा. नुसते मुद्दल धरले तरी महिन्याला सरासरी १५०० युरोंऐवजी १८७५ युरो भरावे लागतील, व्याज वेगळे. विम्यासह हप्ता उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत बसला पाहिजे, हा नियम बँका काटेकोरपणे पाळतात. शिवाय दोन लाखांच्या मर्यादेत आधीच्या घरकर्जाचा विमाही धरला जातो, त्यामुळे ज्यांचे जुने कर्ज चालू आहे त्यांना ही सवलत वाटते तितकी सहज मिळत नाही.

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

दोन सूचना. या ईमेल यादीवरील पत्रे संग्रहात कायम राहतात, तेव्हा आजाराचे तपशील लिहिण्याआधी प्रत्येकाने त्याचा विचार करावा. दुसरे, श्रीधररावांनी उल्लेख केलेल्या कार्यक्रमाची टिपणे समितीकडे सोपवलेल्या कागदांत नाहीत. ती सापडली तरी जशीच्या तशी पाठवणे योग्य होणार नाही, कारण तो कार्यक्रम २०२२ च्या आधीचा आहे. २०१६ च्या कायद्याने प्रौढ रुग्णांसाठी दहा वर्षांची अट घातली होती आणि लमवान कायद्याने ती पाचवर आणली. जुनी टिपणे वाचून एखाद्याने अकारण पाच वर्षे वाट पाहावी, असे होऊ नये.

प्रेषक: सुनंदा (क्रेतेय)

मेघना, तुझा मध्यस्थ चुकतो आहे. कर्करुग्णांच्या रुग्णालयात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यामुळे हा प्रश्न मी पुष्कळ स्त्रियांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पाच वर्षे मोजायची ती उपचारक्रम संपल्याच्या तारखेपासून. सरकार, बँका, विमा कंपन्या आणि रुग्णसंघटना यांच्यातील आएरास करारात तिची व्याख्या दिली आहे: शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी किंवा आखून दिलेले इतर औषधोपचार संपले, आजार उलटला नाही आणि आणखी उपचारांची गरज उरली नाही, ती ही तारीख. हार्मोनची औषधे आणि इम्युनोथेरपी पुढे चालू राहू शकतात, हे त्या व्याख्येतच नमूद आहे. म्हणजे तुझी गोळी चालू असली तरी तुझी मोजणी २०१९ पासूनच होते आणि पाच वर्षे भरलेली आहेत. विम्याचे संरक्षण तुझ्या एकाहत्तराव्या वाढदिवसाआधी संपले पाहिजे, ही अटही तू पूर्ण करतेस. त्यामुळे त्या आजाराची माहिती देण्याचे बंधन तुझ्यावर नाही.

मात्र हा हक्क त्या आजाराच्या इतिहासापुरता आहे. रक्तदाब, मधुमेह, सध्याची रजा किंवा काम करण्याची कमी झालेली क्षमता यांविषयी विचारले असेल तर खरे उत्तर द्यावेच लागते, मग त्याचा संबंध जुन्या आजाराशी असो वा नसो. विमा संहितेच्या एल ११३-८ या कलमानुसार जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्यास करार रद्द ठरतो. म्हणूनच ज्यांची पाच वर्षे भरलेली नाहीत, त्यांनी आजार लपवण्याचा विचारही करू नये.

तुझ्या ऑन्कोलॉजिस्टकडून उपचारक्रम संपल्याच्या तारखेचे पत्र घे आणि ते घरी जपून ठेव. फॉर्मसोबत जोडू नकोस.

प्रेषक: श्रीधर (व्हर्साय)

सुनंदाताई, व्याख्येविषयी आपण दिलेली माहिती फार मोलाची आहे. पत्र जोडू नये हे मात्र मला समजले नाही. माहिती दिली गेली तरी कंपनीला ती विचारात घेता येत नाही असे कायदा सांगतो, मग आधीच सगळे कागद देऊन मोकळे होण्यात तोटा काय? आमच्या घराच्या वेळी, २०१६ च्या पुष्कळ आधी, पत्नीच्या जुन्या आजारामुळे विमा कंपनीने वाढीव हप्ता लावला होता आणि तो आम्ही वर्षानुवर्षे भरला. त्या अनुभवामुळे माझा कल सर्व काही उघड मांडण्याकडे आहे.

प्रेषक: सुनंदा (क्रेतेय)

तोटा वेळेचा आहे. पत्र जोडले की फाइल कंपनीच्या वैद्यकीय सल्लागाराकडे जाते, तिथून आणखी कागद मागवले जातात, आणि इकडे कोंप्रोमीची मुदत उलटते. जी माहिती मागण्याचा कंपनीला अधिकारच नाही, ती आपण होऊन द्यायची आणि मग तिचा उपयोग करू नका अशी विनंती करायची, हा उलटा मार्ग झाला. मध्यस्थ ऐकत नसेल तर त्याला व्याख्येचा मजकूर पाठवावा. कर्करोगाविरुद्ध काम करणारी ‘लीग’ ही संस्था कर्जाच्या विम्यासंबंधी रुग्णांना मार्गदर्शन करते, आणि कंपनीशी वाद झालाच तर आएरास करारात मध्यस्थी समितीची सोय आहे.

प्रेषक: मकरंद (आम्स्टेल्फेन)

पॅरिस सोडले तरी यादी वाचत असतो. आमच्याकडे नेदरलँड्समध्ये हा हक्क १ जानेवारी २०२१ पासून आहे, पण प्रौढांसाठी सर्वसाधारण मुदत दहा वर्षांची. इटलीत २०२३ च्या कायद्याने दहा वर्षे ठरली, तर स्पेनने त्याच वर्षी पाच केली. युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठराव करून २०२५ पर्यंत सर्व सदस्य देशांनी उपचारांनंतर फार तर दहा वर्षांनी हा हक्क द्यावा असे म्हटले होते. प्रत्यक्षात जो बंधनकारक नियम आला तो ग्राहक कर्जाविषयीच्या २०२३ च्या निर्देशात. त्यात कमाल मर्यादा पंधरा वर्षांची आहे आणि घरासाठी तारण देऊन घेतलेले कर्ज त्या निर्देशाच्या कक्षेत येत नाही. बऱ्या झालेल्या माणसाला एका देशात पाच वर्षांनी मोकळे करायचे आणि दुसऱ्या देशात त्याच्या दुप्पट थांबवायचे, हे मला अन्यायाचे वाटते. नोकरीसाठी देश बदलणाऱ्यांनी घर घेण्याआधी तिथला नियम अवश्य पाहावा.

प्रेषक: नीलिमा (सेर्जी)

माझे उपचार फ्रान्समध्ये येण्यापूर्वी मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये झाले. सर्व कागद इंग्रजीत आहेत. मलाही हा हक्क लागू होतो का?

प्रेषक: सुनंदा (क्रेतेय)

नीलिमा, मी वर दिलेल्या व्याख्येत उपचार कोणत्या देशात झाले याची अट नाही. टाटाचे अखेरचे उपचारपत्र इथल्या ऑन्कोलॉजिस्टला दाखव, शेवटचे उपचार कोणत्या तारखेला संपले त्याची नोंद फ्रेंचमध्ये करून घे, आणि मूळ कागदांसोबत तीही जपून ठेव. पाच वर्षे भरली आहेत का हे त्या तारखेवरून मोज, फ्रान्समध्ये आल्याच्या तारखेवरून नव्हे.

प्रेषक: मेघना (अँतोनी)

सुनंदाताई, व्याख्येचा मजकूर मध्यस्थाला पाठवला आहे. विमा निम्मा-निम्माच ठेवत आहोत आणि मुदतही वीस वर्षांचीच. ऑन्कोलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे.