मार्लोचा मेंढपाळ एकटा छापू नये

जुनी_पाने
सोळाव्या शतकातला इंग्रज कवी क्रिस्टोफर मार्लो याची मेंढपाळाची कविता अनेक पुस्तकांत एकटीच भेटते. माझ्याबरोबर राहायला ये, गुलाबांची शेज देईन, कोकरांच्या लोकरीचा झगा देईन, असं तो म्हणतो आणि कविता संपते. ज्या प्रेयसीला तो बोलावतो, तिचं म्हणणं विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाही. हा अन्याय आहे.

१६०० साली निघालेल्या 'इंग्लंड्स हेलिकॉन' या कवितासंग्रहात त्या प्रेयसीचं उत्तर लगेच पाठोपाठ छापलंय. दोन्ही कविता सहा-सहा कडव्यांच्या, चाल तीच. जग आणि प्रेम कायम तरुण राहिलं असतं, मेंढपाळांच्या जिभेवर सत्य असतं, तर आले असते, असं ती म्हणते. फुलं कोमेजतात, नद्या खवळतात, काळ मेंढरांना रानातून वाड्याकडे हाकलतो. हे वाचून पुन्हा त्याच्याकडे वळा. त्याच्या बोलण्यातला वसंत सरतच नाही, हे तेव्हा कुठे जाणवतं.

रानवारा
अजिबात पटलं नाही. मार्लो १५९३ मध्ये डेप्टफर्डला मारला गेला. ही जोडी छापली गेली ती त्याच्या मागे. संपादकानं लावलेला क्रम कवीवर का लादायचा? उत्तराखाली सही 'इग्नोतो', म्हणजे अनामिक. उत्तराचा कवी म्हणून वॉल्टर रॅलेचं नाव आयझॅक वॉल्टन या लेखकानं पुढे १६५३ मध्ये जोडलं. शिवाय हेलिकॉनमध्ये त्याच थाटाची तिसरी कविताही आहे. मग तीही सक्तीची करणार का?

आणि वसंत सरत नाही कसा? थंडीसाठी अस्तर लावलेल्या सपाता देतो की तो! आर्जव हे आर्जव म्हणून ऐकावं. प्रत्येक आर्जवामागे वकील उभा केला तर गाणं उरत नाही.

जुनी_पाने
सपातांना सोन्याची बक्कलं आहेत, रानावावरात त्या किती टिकणार? ती नेमकं तेच सांगते: झगे, जोडे, शेज, सगळं लवकर मोडेल, विटेल. आणि दोघांना जोडणं ही काही हेलिकॉनच्या संपादकाची एकट्याची लहर नव्हे. आदल्याच वर्षी, १५९९ च्या 'पॅशनेट पिल्ग्रिम' या कवितासंग्रहामध्ये मार्लोची चारच कडवी आहेत, पण त्यांच्याखाली उत्तराचं एक कडवं आहेच. त्या काळचा वाचक दोघांना एकत्र ऐकत होता.

उंबरठा
मला तुम्हा दोघांशीही भांडायचंय. 'ती' बोलते म्हणता, पण ते उत्तर रॅलेचं धरलं तर बोलणारा पुरुषच. 'नट-ब्राउन मेड' या जुन्या इंग्रजी संवादकवितेतही तेच. तो म्हणतो मी परागंदा, रानात निघालो. ती दर वेळी सोबत यायला तयार. शेवटी कळतं की तो उमरावाचा मुलगा, नुसती परीक्षा घेत होता. म्हणजे तिनं काय बोलायचं ते आधीच ठरलेलं.

खरा संवाद हवा तर थॉमस पर्सीच्या १७६५ च्या 'रेलिक्स' या जुन्या गाण्यांच्या संग्रहातलं 'एडवर्ड' हे कथागीत वाचा. तलवारीवर रक्त कशाचं, आई मुलाला विचारते. ससाण्याचं, मग घोड्याचं, मग बापाचं. मध्ये निवेदक नाही, कुणाचं उत्तर शेजारी छापायची गरज नाही. शेवटच्या ओळीत तो आईला शाप देतो, कारण सल्ला तिचाच होता. तिथे सगळे आधीचे प्रश्न उलटतात.

रानवारा
'एडवर्ड' मान्य. तिथे आई आणि मुलगा एकाच कवितेत आहेत, वेगळे काढताच येत नाहीत. मार्लोची कविता मात्र एकटी उभी राहते, माझं म्हणणं एवढंच.

जुनी_पाने
कविता उभी राहते, पण तिच्यातल्या प्रेयसीला राहायला बोलावलंय ना? पुस्तकात तिच्यासाठी एक पान ठेवा.