जळगावहून उडायला कोणतं जेट घ्यावं? सोसायटी ग्रुपवरची सिम्युलेटर चर्चा

*सी-४०२, रात्री ८:४१*
सिम्युलेटरवाल्या मंडळींना एक विचारायचंय. घरी पीसीवर विमान उडवायच्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० ची स्टँडर्ड आवृत्ती आहे. बाराव्या पिढीचा आय५, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम आणि लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो जॉयस्टिक. आता त्यात उडवायला एखादं बिझनेस जेट विकत घ्यायचंय. यादीत चॅलेंजर ६५०, लॉन्गिट्यूड, होंडाजेट आणि व्हिजन जेट. उड्डाणं जळगावहून मुंबई, पुणे, इंदूर, कधीमधी दिल्ली. फोटोत चॅलेंजर सगळ्यात भारी वाटतंय.

*ए-१०१, रात्री ८:५२*
भाऊ, फोटो बाजूला ठेवा आणि आधी धावपट्टी बघा. आपली जळगावची धावपट्टी १,७०० मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ५,६०० फूट. पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानात टेकऑफला लागणारं अंतर कंपन्यांनी दिलंय ते असं: चॅलेंजर ६५० ला ५,६४० फूट, लॉन्गिट्यूडला ४,८१०, तुलनेला छोट्या सायटेशन सीजे४ जेटला ३,४१०. चॅलेंजर तर थंड हवेतसुद्धा पूर्ण वजनाने इथून निघत नाही.

आता त्यात आपला मे महिना घाला. जळगावची उंची साधारण ८०० फूट, तापमान ४४. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ च्या जवळ, म्हणजे ३० अंश जास्त. दर अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड (विमानाला हवा जेवढ्या उंचीवरची वाटते ती उंची) साडेचार हजार फुटांच्या घरात जातं. इंजिनाला हवा विरळ, पंखालाही विरळ. लॉन्गिट्यूडलासुद्धा इंधन कमी भरूनच निघावं लागेल.

*बी-३०३, रात्री ९:०३*
आप्पांचं बराबर शे. चॅलेंजरचं कारण पंखात आहे. त्या घराण्याच्या पंखाला पुढच्या कडेला स्लॅट (पुढे सरकणाऱ्या पट्ट्या) नाहीत, त्यामुळे कमी वेगात उचल मर्यादित मिळते आणि धावपट्टी जास्त लागते. शिवाय पंखावर बर्फाचा किंवा घाणीचा पातळ थरही चालत नाही.

आणि दुसरी गोष्ट. ज्या चॅलेंजर ६५० चं सगळे कौतुक करतात ते हॉट स्टार्ट या कंपनीचं आहे, २०२२ च्या सुरुवातीला आलेलं, आणि ते एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी आहे. तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ते चालणारच नाही. म्हणजे एक्स-प्लेन वेगळं घ्या, वर विमानाचे शंभर डॉलरहून जास्त, वर कार्डाचं परकीय चलन शुल्क. पैसे भरायच्या आधी "कोणत्या सिम्युलेटरसाठी, कोणत्या आवृत्तीसाठी" हे विक्रीच्या पानावर वाचायचंच.

*सी-४०२, रात्री ९:०६*
अरे, हे लक्षातच आलं नव्हतं. पण ते एवढं नावाजलेलं का आहे?

*बी-३०३, रात्री ९:१५*
कारण ते विमान सांभाळावं लागतं. तुमच्या नावावरचं प्रत्येक विमान जसं सोडलं तसंच पुढच्या वेळी मिळतं, झीज आणि इंधनासह. चाकाच्या पिना आणि इंजिनावरची झाकणं स्वतः फिरून काढायची. बॅटरीवर जास्त वेळ बसलात तर बॅटरी उतरते, मग ग्राउंड पॉवर (बाहेरची वीज) मागवा किंवा वेळेत एपीयू (विमानातलं वीज देणारं छोटं इंजिन) सुरू करा. नव्या माणसाला पहिलं इंजिन सुरू करायलाच तासभर लागतो. ज्याला रोज दीड-दोन तास देता येतात त्याच्यासाठी त्याला तोड नाही. पण त्याची मजा लांबच्या मार्गावर. त्याचा पल्ला ४,००० नॉटिकल मैल. मुंबई-लंडन सरळ रेषेत ३,९०० च्या आसपास, म्हणजे समोरच्या वाऱ्यात ते हिशोबाने पुरत नाही, मध्ये इंधनाला उतरावं लागतं. असं नियोजन करायला ते विमान घ्यायचं. जळगाव-मुंबईसाठी नाही.

*ए-१०१, रात्री ९:२१*
जळगाव-मुंबई सरळ रेषेत १९० नॉटिकल मैलांच्या जवळपास. नैऋत्येला जाताना सम आकड्याची फ्लाइट लेव्हल, समजा २८० म्हणजे २८,००० फूट. उतरताना दर हजार फुटाला ३ मैल धरायचे: २८ गुणिले ३ म्हणजे ८४, वर वेग कमी करायला १० मैल. चढायला ५५-६० मैल जातात. मग त्या उंचीवर सरळ उडायला उरले किती? जेमतेम ३५-४० मैल. अशा मार्गाला छोटं, चपळ, एका वैमानिकाचं जेट शोभतं.

*डी-२०२, रात्री ९:३०*
मग विकत कशाला घ्यायचं? सीजे४ तुमच्या स्टँडर्ड आवृत्तीत आधीच आहे! आणि ते आता २०२० सालचं अर्धवट विमान राहिलेलं नाही. वर्किंग टायटल या गटाचं प्रो लाइन २१ चं (कॉकपिटातल्या पडद्यांचं) काम २०२३ च्या अपडेटमध्ये मूळ सिम्युलेटरमध्येच आलं. एफएमएस (मार्ग भरायचा विमानातला संगणक) खऱ्यासारखा चालतो. माझं स्पष्ट मत: आधी यावर ३० उड्डाणं करा, मग खिशात हात घाला.

एक अडचण हमखास येते. कोणी पूर्वी सीजे४ चा जुना मोड (बाहेरून आणलेली सुधारणा) टाकला असेल तर तो कम्युनिटी फोल्डरमधून, म्हणजे बाहेरून आणलेल्या गोष्टींच्या फोल्डरमधून, काढून टाका. जुना मोड आणि नवं मूळ विमान एकत्र आलं की पडदे काळे राहतात किंवा एफएमएस अडकतो. कम्युनिटी फोल्डर सापडत नसेल तर यूजरसीएफजी डॉट ऑप्ट ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा, अगदी शेवटच्या ओळीत पत्ता असतो. पुढे कोणतंही ॲडऑन (बाहेरून घेतलेलं विमान) टाकताना त्याच्या फोल्डरमध्ये उघडल्याबरोबर मॅनिफेस्ट आणि लेआउट या दोन फाइल दिसल्या पाहिजेत. फोल्डरात फोल्डर झालं की सिम्युलेटरला विमान दिसत नाही.

*सी-४०२, रात्री ९:३४*
सीजे४ दोनदा उघडलं होतं ताई. एक तर एकच इंजिन जोर घेत होतं, आणि दुसऱ्यांदा उतरायच्या वेळी ते खाली येईचना, वरच राहिलं.

*डी-२०२, रात्री ९:४६*
दोन्ही नेहमीच्या चुका आहेत, विमानाचा दोष नाही.

इंजिनाचं: कंट्रोल सेटिंगमध्ये जॉयस्टिकच्या सरकपट्टीला "थ्रॉटल १ अ‍ॅक्सिस" दिलाय का बघा. तो काढून नुसता "थ्रॉटल अ‍ॅक्सिस" द्या, मग दोन्ही इंजिनं बरोबर चालतात. पट्टी उलटी चालत असेल तर रिव्हर्सची खूण करा.

खाली न येण्याचं: व्हीनॅव्ह (आपोआप चढ-उतार) चालू असलं तरी अल्टिट्यूड प्रीसिलेक्टरची (उंची ठरवायची) गुंडी फिरवून खालची उंची टॉप ऑफ डिसेंटच्या (उतरायला सुरुवात करायच्या जागेच्या) आधी लावावी लागते. गुंडीवर २८,००० तसेच राहिले तर विमान २८,००० वरच राहणार. हे खऱ्या विमानातही असंच आहे.

उड्डाणाआधीचा क्रम सांगते. सिमब्रीफ या साइटवर उड्डाणाचा मोफत आराखडा करा. एफएमएसमध्ये मार्ग भरला की मधे "डिसकंटिन्युटी" (मार्गातला तुटलेला दुवा) राहिलीय का पानोपान बघा, ती मिटवा, मग एक्झेक (पक्कं करायचं बटण) दाबा. एक्झेकचा दिवा जळतोय तोवर काहीच पक्कं झालेलं नसतं. मग परफ इनिट या पानावर प्रवासी, सामान, क्रूझची उंची. मग टेकऑफ रेफ या पानावर धावपट्टी, वारा, तापमान. व्ही स्पीड (टेकऑफचे ठरावीक वेग) आल्या की "सेंड" दाबायचं, नाहीतर वेगाच्या पट्टीवर त्या उमटत नाहीत. ८० टक्के लोक सेंड विसरतात असं मी धरून चालते.

*ए-१०१, रात्री ९:५५*
सीजे४ बद्दल आणखी दोन गोष्टी. त्यात ऑटोथ्रॉटल (जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही. उतरताना मार्ग ऑटोपायलट पाळतो, वेग तुमच्या हातात. मर्यादा ३०५ नॉट किंवा मॅक ०.७७ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७७ पट). नाक खाली गेलं की जोर कमी केला नाही तर मिनिटाभरात ओव्हरस्पीडचा इशारा वाजतो. खऱ्या विमानात थ्रॉटलला टेकऑफ, क्लाइंब, क्रूझ अशा खाचा आहेत. लॉजिटेकच्या पट्टीला खाचा नाहीत, म्हणून पडद्यावर एन१ च्या (इंजिनाच्या जोराच्या) आकड्याच्या वर टीओ, सीएलबी, सीआरयू यांपैकी कोणतं अक्षर आलंय ते बघून पट्टी हळू मागे घ्या.

दुसरं, त्याला थ्रस्ट रिव्हर्सर (उलटा जोर लावून वेग कमी करणारी सोय) नाहीत. जळगावला उतरताना उंबरठ्यावर वेग १० नॉट जास्त असेल तर धावपट्टी संपताना घाम फुटतो. व्हीरेफ (उतरायचा ठरावीक वेग) पाळा, टेकल्याबरोबर स्पीडब्रेक पूर्ण उघडा, मग ब्रेक. टाक्यांत ५,८२८ पौंड मावतं, पण मुंबईला राखीव धरून अडीच हजार पौंड पुष्कळ. उगाच भरून नेऊ नका, उन्हाळ्यात तेच वजन आडवं येतं.

*बी-३०३, रात्री १०:०२*
आणि लॉन्गिट्यूड २०२० मध्ये प्रीमियम डीलक्स या वरच्या आवृत्तीतच येतं, स्टँडर्डमध्ये नाही. त्याला ऑटोथ्रॉटल आहे, गार्मिनचे जी५००० पडदे आहेत, पल्ला ३,५०० मैल. नाशिकजवळच्या ओझरच्या ३,००० मीटर धावपट्टीवरून ते आरामात निघेल. लांबचं उडायचं तेव्हा विचार करा.

*सी-४०२, रात्री १०:०५*
मग होंडाजेट आणि व्हिजन जेट यादीतून काढू?

*डी-२०२, रात्री १०:१४*
काढू नका, पुढे ढकला. दोन्ही फ्लाइटएफएक्स या कंपनीची आहेत, दोन्हीत गार्मिनचे जी३००० पडदे. तुमच्या जॉयस्टिकला व्हिजन जेट जास्त जुळतं, कारण खऱ्या व्हिजन जेटमध्येही साइडस्टिक (बाजूची जॉयस्टिक) आहे, बाकीच्यांना योक (स्टिअरिंगसारखं हँडल). एकच इंजिन, ३१,००० फुटांची मर्यादा, ३०० नॉटच्या थोडं वर वेग. इंदूर, पुण्याला उत्तम. दिल्ली साडेचारशे मैलांवर, तिथे कंटाळा येईल. होंडाजेट ४३,००० फुटांपर्यंत जातं, वेग ४२० च्या आसपास. दोनपैकी एकच घ्यायचं तर मी होंडाजेट म्हणेन, दिल्लीही जमते म्हणून. मात्र जी३००० चे टचस्क्रीन माउसने दाबायचे असतात. ते वेगळ्या खिडकीत काढून दुसऱ्या मॉनिटरवर ठेवता आले तर हात बसतो.

*बी-१०४, रात्री १०:२३*
विमान कोणतंही घ्या, आधी १६ जीबी रॅमचं बघा. काचेचे चार-पाच पडदे असलेलं जेट, त्यात मुंबईसारखं दाट शहर, १६ जीबी भरून जाते आणि अंतिम टप्प्यातच चित्र अडखळतं. १६ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीने घ्या, एक जुनी एक नवी असं नको. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगाने चालते. तोवर ग्राफिक्समध्ये "ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट" मीडियमवर आणा. पडद्यांचं काम प्रोसेसरवर पडतं, नुसतं ग्राफिक्स कार्ड बदलून ते सुटत नाही.

दुसरं आपल्याकडचं. खोली १० अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच तापतं. एप्रिल-मेमध्ये कॅबिनेटची जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करा. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा.

आणि लाइट जाते तेव्हा ६०० व्हीएचा यूपीएस पुरत नाही. तो साधारण ३६० वॅट देतो, गेम चालू असताना तुमचा संच मॉनिटरसकट त्याच्या जवळ किंवा वर जाईल. १,००० ते १,१०० व्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा आणि यूपीएस मोडवर हवा, नाहीतर बदलाच्या क्षणी पीसी बंद पडतो.

*सी-४०२, रात्री १०:३१*
ठरलं. आधी सीजे४, पहिले पैसे रॅमला, ॲडऑन नंतर. उद्या संध्याकाळी तापमान हाताने ४४ लावून जळगाव-मुंबई करतो.

*ए-१०१, रात्री १०:३३*
छान. निघण्याआधी सिम्युलेटरच्या नकाशात जळगावच्या धावपट्टीची लांबी बघून घ्या आणि भारताच्या एआयपीतल्या (विमानतळांच्या अधिकृत माहितीतल्या) आकड्याशी ताडून बघा. एआयपी विमानतळ प्राधिकरणाच्या साइटवर मोफत आहे. सिम्युलेटरमध्ये छोट्या विमानतळांची लांबी कधीकधी जुनी असते, आणि टेकऑफचा सगळा हिशोब त्या आकड्यावर उभा आहे.

*बी-१०४, रात्री १०:३५*
मदरबोर्डवर डीडीआर४ आहे की डीडीआर५? बाराव्या पिढीला दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात आणि पट्ट्या एकमेकांत बसत नाहीत. बोर्डाचा मॉडेल नंबर इथे टाका, मगच दुकानात जा.